शिआनच्या मोठ्या मशिदीला जाण्याआधी

पासपोर्ट, पाणी, चालायचे बूट हे सांगायला नको. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. चीनमध्ये गूगलचे नकाशे भरवशाचे नाहीत, दुसरे ॲप आधीच टाकून घ्या. आणि दुर्बीण. पक्षी बघायची छोटी चालेल, पण घ्याच.

नमाजगृहात मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. समोरच्या दगडी ओट्यावर उभे राहून दारातूनच बघायचे. आत भिंतींच्या लाकडी फळ्यांवर अख्खे कुराण कोरलेय, अरबीत आणि चिनीतही, वर रंगवलेले छत. बाहेरून साध्या डोळ्यांना यातला फक्त तपकिरी अंधार दिसतो. मोबाइलचा झूम सुचवू नका. नुसते दाणे येतात. मागच्या खेपेला माझी दुर्बीण हॉटेलच्या कपाटात होती, म्हणून एवढे बजावतोय.

जायचे सकाळीच. चिनी देवळांचे तोंड बहुधा दक्षिणेला असते. ही मशीद पूर्व-पश्चिम पसरलीय, कारण मक्का पश्चिमेला. म्हणजे नमाजगृहाच्या दर्शनी भागावर सकाळचे ऊन थेट पडते. दुपारनंतर तेच ऊन तुमच्या डोळ्यांत, आणि मग दुर्बीण असूनही उपयोग नाही. शुक्रवारची दुपार तर नकोच.

आदल्या रात्री थोडा इतिहास वाचा. आवारातला एक शिलालेख मशीद ७४२ सालची, तांग राजघराण्याच्या काळातली, असे सांगतो. अनेक अभ्यासक मात्र तो लेखच मिंग काळातला, म्हणजे कित्येक शतकांनंतरचा, मानतात. आजचे बांधकाम मुख्यतः १३९२ पासूनचे, पुढे छिंग काळातही भर पडली. एवढे ठाऊक नसेल तर समोरचा खांब बाराशे वर्षांचा समजून भारावून जाल.

घुमट शोधत बसू नका, नाही. मिनाराच्या जागी तीन छपरांचा अष्टकोनी मनोरा आहे. त्याच्या छपरांखालचे लाकूडकाम नीट बघा (दुर्बीण!). घाईने थेट नमाजगृह गाठू नका. आधी पूर्वेच्या टोकाला सतराव्या शतकातली लाकडी कमान, मग ‘मी फू’ आणि ‘दोंग छीछांग’ या जुन्या चिनी सुलेखनकारांची अक्षरे कोरलेले दगड.

ड्रम टॉवर या जुन्या मनोऱ्याजवळून हुआज्वे गल्लीत शिरायचे, तिथेच मशीद. दुकाने परतताना. मोबाइल चार्ज, सुटे पैसे. जेवायला पाओमो, म्हणजे मटणाच्या रश्श्यात कुस्करलेली रोटी, पण भूक कडकडून लागायच्या आत बसा. रोटी आपल्याच हाताने बारीक कुस्करावी लागते.