पिकपचं लोंबलेलं दार उतरवायच्या आधी

दार एकदा उतरवलं की गाडी जागेवरच राहते, मग एका बुशसाठी, म्हणजे बिजागरीच्या पिनभोवतीच्या नळीसाठी, पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या बाजारात जायचं तर दुसऱ्याची गाडी मागा, म्हणून सगळी तयारी दार जागेवर असतानाच करायची. आमची पिकप सासवडहून सीताफळं अन अंजीर घेऊन दिवे घाटाने मार्केटयार्डला येते, दिवसातून पंधरा-वीस वेळा ड्रायव्हर चढतो उतरतो आणि चढताना दाराला धरूनच चढतो, त्यामुळे त्या बाजूचं दार दोन वर्षं उचलून लावावं लागत होतं.

पहिलं काम कुठलाही पाना हातात न घेता करायचं. दार अर्धं उघडा, मागच्या टोकाला खालून दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला बिजागरीच्या सांध्याला बाहेरून बोट लावून ठेवायला सांगा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. बिजागरीचे दोन भाग एकमेकांत हलत असतील तर पिन-बुश गेलेत, अख्खी बिजागरीच पिलरवर, म्हणजे दार टांगलेल्या खांबावर, हलत असेल तर बोल्ट ढिले किंवा आटे गेलेत, आणि बिजागरीसकट पिलरचा पत्रा आतबाहेर होत असेल तर तो गंजलाय किंवा चिरलाय. तिन्हीची तयारी वेगवेगळी, सामान वेगळं, माणूस पण वेगळा, म्हणून हे नक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. आमच्याकडे आधी एका गॅरेजवाल्याने बिजागरीत लाकडाचा तुकडा अडकवून दार जोरात दाबलं होतं, महिनाभर दार झकास लागलं, पण बुश मुळात संपलेलाच होता त्यामुळे दार परत खाली आलं आणि वर पिलरच्या पत्र्याला बारीक चीर पडली ती वेगळीच. तसंच लॉकची खुंटी, म्हणजे स्ट्रायकर, खाली सरकवून दार बसवून घेणं पण नको, त्याने दार लागतं पण लोंबणं तसंच राहतं आणि वरच्या कोपऱ्यातून पावसाचं पाणी आत येतं.

वरची बिजागरी दाराच्या वजनाने ओढली जाते आणि खालची पिलरकडे दाबली जाते, म्हणून बुश गोल न राहता एका बाजूने लांबट होतो. दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंमी आणि दार १ मीटर लांब धरलं तर वरच्या पिनमधला १ एमएमचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, मागच्या टोकाला अडीच एमएम होतो. इतकुसा प्ले काय करणार असं वाटतं ना, तो एवढं करतो. दोन्ही बिजागऱ्यांचे पिन-बुश एकदमच बदलायचे, नुसती वरची करून भागत नाही.

मग दाराच्या खालच्या काठाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. आमच्या दारातून ओंजळभर चिखल निघाला, ते ओझं बिजागरीच वाहत होती.

आता मापं. दाराभोवतीची गॅप तीन-चार ठिकाणी मोजून फोनमध्ये फोटोसकट ठेवा. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पत्र्या, नसतील तर जुनी एटीएम कार्डं वापरा, एक कार्ड ०.७६ एमएम असतं, किती बसतात ते मोजायचं. लोंबत नसलेल्या बाजूचं दारही मोजा, बसवताना तेच आपलं माप. बिजागरीभोवती पर्मनंट मार्करने रेघ मारा, ती नसेल तर दार परत जागेवर आणायला अख्खी दुपार जाते.

सामानाचं म्हणाल तर रेडी पिन-बुश किट मिळतंय का ते नाना पेठेत आधी विचारा, आणि जाताना मॉडेल, वर्ष अन बिजागरीचा फोटो घेऊन जा. नाही मिळालं तर लेथवाल्याकडून गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश आणि ईएन-८ स्टीलची पिन करून घ्यायची, पण त्याला नुसतं माप सांगू नका, बिजागरीच हातात द्या, पिन बिजागरीच्या एका भागात घट्ट आणि बुशमध्ये सहज फिरणारी पाहिजे हे त्याला समोर बघूनच बरोबर जमतं. म्हणजे दार उतरवल्यावर बिजागरी द्यायची, पण वेळ आधीच ठरवून ठेवायची. भोसरीकडच्या लेथवाल्यांना गुरुवारी सुट्टी असते हे विसरू नका. बोल्ट नवे घ्या, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा लिहिलेले, जुने गंजके परत नकोत.

हत्यारांमध्ये सॉकेट पाना, पिन ठोकायचा पंच, हातोडी, आटे साफ करायचा टॅप, टॉर्च. गंजाचं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा, ऐनवेळी मारून काही होत नाही. ते स्प्रे तेल वंगण म्हणून मात्र चालत नाही, ते उडून जातं, पिनला शेवटी लिथियम ग्रीस लावायचं आणि तेही पातळ थरात, जाड लावलं तर घाटातली धूळ त्यात बसून बुश पुन्हा घासते. जॅक, त्यावर फळी, फळीवर जुनी गोधडी, आणि दुसरा माणूस. हे काम एकट्याने करू नका, अगदी कळकळीने सांगतो, शेवटचा बोल्ट सुटला की दार जॅकवरून कुठेही कलंडतं. पॉवर विंडो किंवा स्पीकरची वायर असेल तर बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, आणि दार जास्त उघडू न देणारी चेकची पट्टी बोल्टांच्या आधी सोडा. काही गाड्यांत बोल्टामागची आट्यांची पट्टी पिलरच्या आत मोकळी असते, सगळे बोल्ट एकदम काढले तर ती आत पडते, तेव्हा एक बोल्ट अर्धा धरून ठेवा.

पत्रा गेला असेल तर डेंटरला बोलवायचंच, आणि वेल्डिंगच्या आधी सीट, मॅट, आतलं कव्हर बाहेर, पाण्याची बादली अन ओलं पोतं जवळ. गाडी सीएनजीवर असेल तर त्याला पहिल्याच वाक्यात सांगा. प्रायमर वाळायला ऊन लागतं म्हणून मे महिना बरा, जूनमध्ये पाऊसही येतो आणि सीताफळाच्या फेऱ्याही सुरू होतात.

बसवताना स्ट्रायकर काढूनच ठेवायचा, दार गॅपमध्ये नीट बसलं की मग लावायचा. थोडं टोक अजून खाली वाटलं तर खालच्या बिजागरीमागे पातळ वॉशर टाकायचं, म्हणून दोन-तीन जाडीचे आणून ठेवा. पाना गाडीतच राहू द्या, घाटाच्या पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट एकदा परत आवळायचे आहेत.