एप्रिलमध्ये वेंगुर्ल्याला निघण्याआधी

वेंगुर्ल्याला जाताना सोबत काय घ्यायचं, असं कुणी विचारलं की मी म्हणते, पिशवी नंतर भरा, आधी फोन लावा. जिथे राहणार आहात त्या घरी विचारा, सध्या झाडावर काय आहे? तिथला उन्हाळा सगळं एकदम देत नाही. ओले काजूगर फेब्रुवारी-मार्चचे, एप्रिल उजाडला की ते संपत येतात आणि वाळल्या बिया उरतात. मग हापूस भरात येतो, त्याच्या मागून करवंदं. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिलअखेर लाल व्हायला लागतात, आणि पिकलेला फणस नि जांभळं मे महिन्याची. मी जमेल त्या वर्षी दोनदा जाते, एप्रिलच्या पहिल्या शनिवार-रविवारी काजूसाठी आणि शेवटच्या शनिवार-रविवारी रतांब्यांसाठी. एकदाच जमणार असेल तर शेवटचा आठवडा धरा.

तिकिटाचं लवकर उरका. मुंबईहून तुतारी एक्सप्रेस असो वा कोकणकन्या, आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीत लगेच भरतं. कुडाळला किंवा सावंतवाडी रोडला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा. कोल्हापूरकडून येणाऱ्यांना आंबोलीचा घाट आहेच.

कपडे जुने आणि सुती घ्या, अगदी टाकाऊ झालेले असले तरी चालतील. बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, रस अंगावर सांडला तर आधी पाण्यासारखा वाटतो. घरी येऊन धुतल्यावर तिथे तपकिरी डाग उमटतो, आणि तो जन्मात जात नाही. टोपी, बागेत फिरायला बंद बूट, पाण्याची बाटली एवढं हवंच. प्लॅस्टिकच्या पिशव्या शक्यतो नेऊ नका. ओला-सुका कचरा वेगळा करण्याचं काम या छोट्या नगर परिषदेनं फार मनापासून केलंय. पाहुण्यांनी ते विस्कटू नये.

काजू फोडायला बसणार असाल तर खोबरेल तेलाची छोटी बाटली जवळ असू द्या. मी बारा वर्षांची असताना आत्याचं न ऐकता ओली बी विळीवर धरली आणि तोच हात ओठाला लावला. सालीतला चीक लागून ओठ सुजला, आठवडाभर कातडी निघत होती. तेव्हापासून तिचं वाक्य कानात बसलंय, “आदी हाताक त्याल लाय गो, मगे बियेक हात घाल.” बी उभी चिरायची, बारीक काडीनं गर अलगद उचलायचा, तुटू द्यायचा नाही. मग कोमट पाण्यात टाकला की वरची साल बोटानं सुटते आणि आत दुधासारखा पांढरा, वाकडा गर. शंभर गर काढायला नवख्या माणसाला सकाळ पुरत नाही. एकदा काढून बघा, म्हणजे बाजारात ओले काजूगर महाग का असतात ते कळतं आणि घासाघीस करवत नाही.

शनिवारची सकाळ फळ संशोधन केंद्रासाठी ठेवा, पण आधी विचारून जा. कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या काजूच्या जाती इथल्याच, त्यांतल्या वेंगुर्ला-७ ची एक बी साधारण १० ग्रॅम भरते. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून निघालेला, साका (आतला गर पांढरट होऊन खराब होणं) न होणारा रत्ना आंबाही इथलाच, आणि बारीक कोयीचा सिंधूही. कलमं घ्यायची असतील तर तेव्हा चौकशी करून ठेवा, लावायची मात्र पावसाळ्यात.

अकरानंतर उन्हात काही ठरवू नका. पोहायला सागरेश्वराच्या किनाऱ्यावर जाल तर भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिकांना विचारूनच पाण्यात उतरा. रविवारी पहाटे शिरोड्याची मिठागरं बघा. १९३० चा मिठाचा सत्याग्रह याच शिरोड्यालाही झाला. खाडीचं पाणी आगरात घेऊन उन्हानं आटवतात, मीठ ओढून ढीग लावतात. तिथलं जाडं मीठ दोन किलो घ्या, पुढे लागणार आहे.

ते लागतं रतांब्यांना, आणि माझी खरी तयारी त्यांचीच असते. चिनी मातीची किंवा काचेची रुंद तोंडाची बरणी घरून न्या. ॲल्युमिनियमचं भांडं नको, रतांबा फार आंबट. अख्खे रतांबे पिशवीत भरून आणायच्या फंदात पडू नका. एका वर्षी मी आणले, घरी येईपर्यंत खालचा थर फुटून आंबला होता. तिथेच अंगणात बसून फोडा, बिया काढा, अर्ध्या सालींच्या वाट्यांत साखर दाबून भरा आणि बरणीत रचा. एक किलो सालीला दोन किलो साखर, ती आधीच आणून ठेवा. पुढे आठवडाभर घरच्या गच्चीवर ऊन दाखवलं की साखर विरघळून सरबताचा गडद लाल पाक तयार. बियांना चिकटलेला गर जाड्या मिठात घोळून ठेवला की आगळ, म्हणजे खारट-आंबट रस, सुटतं. उरलेल्या बियाही टाकू नका. धुऊन वाळवल्या की त्यांचं तेल निघतं, टाचांच्या भेगांवर आत्या दुसरं काही लावत नाही.

आंबा घेताना देठासकट काढलेला आणि देठाजवळचे खांदे भरलेला बघा. शंका आली तर पाण्यात सोडा, तयार फळ बुडतं. पेटी गाडीच्या बंद डिकीत ठेवू नका, उन्हात फळ उकडून निघतं. रेल्वेत ती बाकाखाली आडवी, बरणी पायाशी जुन्या साडीत गुंडाळून. घरी पोचल्यावर पेंढ्यात अढी लावा आणि तिसऱ्या दिवसापासून रोज एकदा हात घालून बघा, एखादा नासका लागला तर तो लगेच बाहेर.