व्हीएम हलवताना ट्रीचे पॉइंटर पाठवू नका

मे महिन्यात जळगावात सर्व्हर रूमचा एसी बंद पडला, की चालू व्हीएम (सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) दुसऱ्या मशीनवर हलवायची घाई होते. व्हीएमसाठी आपण कोडमध्ये लिहिलेलं आभासी डिव्हाइस माहिती ट्रीमध्ये (फांद्यांसारख्या जोडलेल्या नोंदींच्या रचनेत) ठेवत असेल, तर गाडं इथेच अडतं. पॉइंटर म्हणजे जुन्या मशीनच्या मेमरीतला पत्ता. पलीकडे तो कुचकामी.

क्यूएमू (QEMU, व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) जीट्रीसाठी (GTree, GLib लायब्ररीतली बॅलन्स्ड ट्री) जे करतं, तेच करा:

१. आधी नोड (ट्रीमधल्या नोंदी) किती, तो आकडा ४ बाइटमध्ये लिहा.
२. ट्री कीच्या (key, नोडची ओळख) क्रमाने फिरा. प्रत्येक नोडआधी १ हा बाइट, मग की, मग व्हॅल्यू. संपलं की ०.
३. पलीकडे तेच तुलना-फंक्शन (दोन कींमध्ये आधी कोणती ते ठरवणारं) लावलेली रिकामी ट्री तयार ठेवा. वाचाल तसं इन्सर्ट करा.

डावी-उजवी फांदी पाठवायची भानगडच नको, बॅलन्स्ड ट्री आपला तोल आपण सांभाळते. आकडे मात्र बिग-एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी) आणि ठरलेल्या रुंदीचे: ४ बाइटमध्ये ४०९६ म्हणजे ०० ०० १० ००. अख्खं स्ट्रक्चर उचलून ओतलं, तर मधलं पॅडिंगही (कंपायलरने सोडलेले रिकामे बाइट) जातं.

जपायचं ते एवढंच: वाचलेले नोड पहिल्या आकड्याशी जुळले नाहीत, तर मायग्रेशन (व्हीएम हलवणं) तिथेच थांबवा. अर्धवट ट्रीवर व्हीएम उठवू नका.