घरातला कार्बन कमी करायचाय? आधी मोजा, मग मोठ्या आकड्याला हात घाला

दिवे बंद करा, चार्जर काढून ठेवा, हे सगळे सांगतात. चुकीचं काही नाही, पण मोठा कार्बन बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. तो आधी शोधायला हवा.

महिनाभर तीन गोष्टी लिहून ठेवा: विजेचे युनिट, गाडीच्या इंधनाचे लिटर, स्वयंपाकाच्या गॅसचे किलो. मग गुणाकार करा. कोळशावरच्या विजेला युनिटमागे साधारण 1 किलो कार्बन डायऑक्साइड, पेट्रोलला लिटरमागे 2.3 किलो, डिझेलला 2.7, एलपीजीला किलोमागे 3. लिटरभर पेट्रोलचं वजन जेमतेम पाऊण किलो, मग त्यातून 2.3 किलो वायू कसा? जळताना इंधनातला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेतो, त्याचं वजन यात येतं.

आता सर्वांत मोठा आकडा धरा. विजेत तो बहुधा तापवण्यात किंवा गार करण्यात सापडतो. 20 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला सुमारे 0.6 युनिट लागतं. तेवढ्यात 9 वॅटचा एलईडी दिवा साठ तासांहून जास्त चालतो. म्हणून दिव्यांच्या आधी गीझर बघा. सौर हीटर उत्तम. छत नसेल तर हीट पंप: तो हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, त्यामुळे एका युनिटात तीनेक युनिटांचं काम होतं.

एसी असेल तर सोबत पंखा लावा आणि तापमान दोन अंश वर ठेवा. ऊन काचेच्या बाहेरच अडवा. आतल्या पडद्याने तेवढा फरक पडत नाही.

एसीतल्या गॅसकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. आर-410ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,000 पट उष्णता अडवतो. किलोभर गॅस हवेत सुटणं म्हणजे जवळजवळ 900 लिटर पेट्रोल जाळणं! दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर नुसता भरून घेऊ नका, गळती शोधून बुजवायला सांगा. जुना एसी मोडीत काढताना गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणाराच कारागीर बोलवा.

गाडीचं सोपं आहे: जवळ जायचं तर पायी किंवा सायकलने, लांब जायचं तर बस किंवा रेल्वेने. ओला कचरा कचराभूमीत कुजला की मिथेन सुटतो, त्यामुळे त्याचं घरीच खत करा, आणि हवा लागावी म्हणून अधूनमधून खालीवर करा.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. तुलना मात्र गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, नाहीतर ऋतूतला फरक तुम्हाला बचत वाटेल.