हॅस्केलचा प्रोग्रॅम मेमरी खातोय? या चुका टाळा

रावेर-यावल पट्ट्यात केळी कापणी जोरात असली की वजनकाट्यावर पावत्यांचा ढीग लागतो. अशाच काही वर्षांच्या पावत्यांची फाइल हाताशी होती, म्हणून सरासरी वजन काढायला मी हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत एक ओळ लिहिली: यादीची बेरीज भागिले यादीची लांबी. उत्तर बरोबर आलं, पण तोवर चार जीबीचा लॅपटॉप पार अडकून पडला होता.

बेरजेत धरून झालेली पावती खरं तर लगेच टाकून देता येते. पण तीच यादी पुढे लांबी मोजायलाही लागणार असते, त्यामुळे गार्बेज कलेक्टरला, म्हणजे नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्याला, एकही पावती उचलता येत नाही. सगळी यादी मेमरीत बसून राहते. म्हणून बेरीज आणि संख्या एकाच फेरीत काढा.

इथेच दुसरी चूक होते, आणि ती जास्त फसवी आहे. यादीतली एकेक गोष्ट घेत हिशेब पुढे नेणाऱ्या साध्या 'फोल्ड-एल' फंक्शनने (बेरीज, संख्या) अशी जोडी पुढे नेली, तर हॅस्केल प्रत्यक्ष बेरीज करतच नाही. 'मागची बेरीज अधिक 18 क्विंटल' अशी चिठ्ठी लिहून खिळ्याला अडकवतो. पुढची पावती आली की तिच्यावर आणखी एक चिठ्ठी. या न सोडवलेल्या हिशेबाला थंक म्हणतात. लाखो ओळींच्या लाखो चिठ्ठ्या, आणि त्या सोडवायच्या अगदी शेवटी.

भुसावळच्या एका विद्यार्थ्याने मला विचारलं, "दादा, 'फोल्ड-एल-प्राइम' लावलं तरी मेमरी फुगतेच, असं का?" प्राइमवाला म्हणजे फोल्ड-एलचा दर पावतीला हिशेब सोडवू पाहणारा भाऊ. पण तो फक्त जोडीचं बाहेरचं पाकीट उघडतो, आतले दोन आकडे तसेच राहतात. कधी कंपायलरचा ऑप्टिमायझर वाचवतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. जोडीऐवजी स्वतःचा डेटा टाइप करा आणि दोन्ही फील्डच्या टाइपआधी उद्गारचिन्ह द्या. माझा प्रोग्रॅम त्यानेच सुधारला.

गावनिहाय बेरजेसाठी मॅप (नावाखाली आकडा ठेवणारी रचना) वापरत असाल तर 'डेटा डॉट मॅप डॉट स्ट्रिक्ट' इम्पोर्ट करा. नाहीतर प्रत्येक गावाच्या नावाखाली तसाच चिठ्ठ्यांचा गठ्ठा साचतो.

गावांची नावं 'स्ट्रिंग'मध्ये ठेवू नका. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची साखळी. 64 बिट मशीनवर नुसती एक कडीच 24 बाइटची. त्याऐवजी 'टेक्स्ट' लायब्ररी वापरा. तिच्या 2.0 पासूनच्या आवृत्त्या यूटीएफ-8 (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) वापरतात, तिथे देवनागरीचं एक चिन्ह 3 बाइटमध्ये मावतं.

वेग जीएचसीआयमध्ये (कंपाइल न करता कोड लगेच चालवून बघायच्या हॅस्केलच्या साधनात) मोजू नका. तिथे तुमचा कोड ऑप्टिमाइझ न होता चालतो. 'मायनस ओ-टू' आणि 'मायनस आरटीएस-ऑप्ट्स' देऊन कंपाइल करा, मग 'प्लस आरटीएस मायनस एस' लावून चालवा. गार्बेज कलेक्शनचा वेळ मूळ कामापेक्षा जास्त दिसला, तर 'मायनस एस'च्या जागी 'मायनस एच-टी' (टी कॅपिटल) लावून हीपचा, म्हणजे प्रोग्रॅमने वापरलेल्या मेमरीचा, आलेख काढा. आलेख सातपुड्यासारखा चढत जाऊन एकदम कोसळत असेल, तर चिठ्ठ्या अजून साचताहेत. प्राइम आणि उद्गारचिन्हं पुन्हा तपासा.