संशोधनात एआय वापरताय? या चुका टाळा

पीएचडीचा मसुदा हातात आला की मी पहिलं प्रकरण वाचत नाही. आधी शेवटची पानं उघडते, संदर्भसूचीची. गेली दोन-तीन वर्षं घोळ तिथेच सापडतो.

माझी एक विद्यार्थिनी ठाणे खाडीतल्या मासेमारीवर काम करते. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, त्यानंतर कोळीवाड्यांचं काय झालं, हा तिचा प्रश्न उत्तम होता. पूर्वसंशोधनाचा आढावा मात्र तिने एका रात्रीत चॅटजीपीटीकडून उतरवून घेतला. खारफुटीवरच्या एका संदर्भात लेखक खरा, नियतकालिक खरं, अंकही खरा. फक्त तसा लेखच कुठे नव्हता! डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, टाकला तर भलत्याच विषयाचं पान उघडलं. "मॅडम, इतकं नीट दिसत होतं, शंकाच आली नाही," ती म्हणाली. हे यंत्र पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत लिहितं, म्हणून खोटा संदर्भही खऱ्यासारखाच सजून येतो. इंटरनेटवर शोधून उत्तर देणारी साधनंही सारांश करताना लेखकाच्या तोंडी नको ते घालतात. 2023 मध्ये न्यूयॉर्कला असेच बनावट न्यायनिवाडे जोडणाऱ्या वकिलांना 5,000 डॉलर दंड झाला होता. आम्ही दोघींनी सगळी सूची एकेक करून तपासली. एका रात्रीच्या घाईपायी महिना गेला.

माझा नियम साधा आहे. पूर्ण लेख उघडून वाचला नसेल, तर त्याचं नाव सूचीत येणार नाही. वाक्य ज्या पानावरून घेतलं, तो आकडा मी वहीत लिहायला लावते. कंटाळवाणं आहे, पण वाचायचाच कंटाळा असेल तर पीएचडी कशाला?

मुलाखतींचंही तसंच. दिवाळे गावातल्या आजी "निवट्या" म्हणाल्या, रेकॉर्डिंग ऐकून मजकूर उतरवणाऱ्या यंत्राने "निवडी" लिहिलं. चिखलातला मासाच गायब! आगरी-कोळी बोली कानांनीच उतरवावी लागते. शिवाय माणसांची नावं असलेलं रेकॉर्डिंग फुकटच्या साधनावर चढवू नका. त्यांनी विश्वास तुमच्यावर टाकलाय, कुठल्या कंपनीवर नाही.

वाङ्मयचौर्य तपासणीत इतर मजकुराशी साम्य 10 टक्क्यांच्या आत आलं म्हणजे सुटलो, असं समजू नका. ती तपासणी खोटा संदर्भ पकडत नाही.

एआय ओळखणाऱ्या साधनांवरही विसंबू नका, मार्गदर्शकांनी तर नाहीच. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं तसं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केलं.

एआय वापरलं असेल तर कुठे आणि कशासाठी ते प्रबंधात लिहा. सहलेखक म्हणून मात्र त्याचं नाव घालू नका, 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने ते 2023 च्या जानेवारीतच नाकारलंय.

मी स्वतः एआय वापरते. 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतला कोड अडला की तासाचं काम पाच मिनिटांत होतं, कारण कोड चालवून उत्तर लगेच पडताळता येतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी वाक्यं सुधारून घ्यायला तर मी आवर्जून सांगते. आधी वाक्य स्वतःचं हवं, एवढीच अट.

ती विद्यार्थिनी हल्ली ठाणे-वाशी लोकलमध्ये हेडफोन लावून आजींची रेकॉर्डिंगं पुन्हा ऐकते. परवा तिने निवट्यांवर दोन पानं आणून दिली. प्रत्येक ओळीपुढे मुलाखतीचं मिनिट लिहिलेलं होतं.