उसाला पाणी देताना माद्यांचं तळं उपसू नका

कृष्णेचं पात्र उघडं पडलं की अथणी, कागवाड, चिकोडीकडच्या मोटरी शेततळ्यावर चालू होतात. सहा फुटांचं तळं एप्रिलअखेर तीन फुटांवर येतं. मासे जिवंत असतात, खायला वर येतात, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण नेमक्या त्याच दिवसांत कटला, रोहू, मृगळच्या माद्यांच्या पोटात अंडी भरत असतात. नुकसान वैशाखात होतं आणि कळतं आषाढात.

जिऱ्यांसाठी, म्हणजे अंड्यातून नुकत्याच फुटलेल्या पिल्लांसाठी, राखलेल्या माशांच्या तळ्यात पाणी पाच फुटांच्या खाली जाता कामा नये. त्यासाठी एकच काम आजच करा: मोटरीचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप) उचलून तळापासून पाच फुटांच्या खुणेवर बांधा. मग रात्री थ्री फेज आली आणि गडी मोटर बंद करायला विसरला, तरी माशांचं पाणी तळ्यातच राहील.

तीन फूट पाणी दुपारी तळापर्यंत तापतं, माशाला टेकायला गार थर उरत नाही. पाणी 32-33 अंशांच्या वर दिवसेंदिवस राहिलं की खाल्लेलं सगळं जगण्यातच खर्च होतं आणि भरत आलेली अंडी अंगातच जिरायला लागतात. प्राणवायूही कमी पडतो: 25 अंशांना लिटरभर पाण्यात साधारण 8.2 मिलिग्रॅम मावतो, 35 ला जेमतेम 7.

अशी मादी पावसाळ्यात हातात घेतली तर पोट ढिलं लागतं. दुकानदार सांगतो, अंडी सोडवायच्या इंजेक्शनचा डोस वाढवा. वाढवू नका. इंजेक्शन तयार अंडी सोडवतं, अंडी तयार करत नाही. ओव्हाप्रिमसारख्या तयार औषधाचं प्रमाण मादीला किलोमागे 0.3 ते 0.5 मिली आणि नराला 0.1 ते 0.2 मिली, एवढंच. उन्हाळ्यात खपवल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकच्या बाटल्या आणि झिओलाइटची पोती पाणी गार करत नाहीत. तेच पैसे बोअरचं पाणी तळ्यात घ्यायला लावा.

बोअरचं पाणी गार असतं, पण त्यात प्राणवायू जवळपास नसतो. पाइप थेट बुडवू नका. फरशीवर किंवा दगडांवर आपटून, पसरून पडू द्या. पहाटे घ्या, आणि एका वेळी तळ्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको.

पश्चिमेच्या कडेला बांबूचा मांडव घालून पाचट टाका, पाव तळ्यावर सावली पुरते. पाचट पाण्यात पडू देऊ नका, कुजतं. सावलीसाठी जलपर्णी सोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती पहाटेचा प्राणवायू खाते आणि पुन्हा निघत नाही.

थर्मामीटर दोरीला बांधून दुपारी तीनला एकदा वर, एकदा तळाशी धरा. दोन्हीकडे आकडा सारखाच आणि 32 च्या वर असेल, तर पाणी आधीच कमी झालंय.

मृगापर्यंतची नेहमीची कामं:
- खाद्य: शेंगपेंड आणि भाताचा कोंडा निम्मे निम्मे, रात्रभर भिजवून, माशांच्या वजनाच्या 2 टक्के. पाणी 32 च्या वर गेलं की 1 टक्का, तेही सकाळी.
- शेणखत बंद.
- हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा दिसत नसेल तर पाणी फार हिरवं आहे, खाद्य थांबवा.
- चुना सामू (pH) 7 च्या खाली असेल तरच. तापलेल्या पाण्यात सामू चढला की अमोनिया जास्त विषारी होतो.

वळिवाचा पाऊस झाला की बिनघोर झोपू नका. वरचं पाणी एकदम गार होऊन खाली बसतं, तळाचा कुजका थर वर येतो आणि पहाटे मासे तोंड वर काढतात. वळिवाच्या रात्री तीननंतर तळ्यावर फेरी हवीच.

मृग निघाला, चार सरी पडल्या की इंजेक्शनची घाई होते. पाणी सलग तीन दिवस 27 ते 29 अंशांत येऊ द्या. आपला अंदाज असा, की दोन रात्री सलग भिजपाऊस झाल्याशिवाय माद्या मनासारख्या मोकळ्या होत नाहीत.

अंडी पांढऱ्या ताटलीत घेऊन बघा. फळलेलं अंडं शिजलेल्या साबुदाण्यासारखं आरपार दिसतं, मेलेलं दुधासारखं पांढरं पडतं. शंभर मोजा. निम्मी पांढरी असतील तर दोष हॅचरीचाच (अंडी उबवायच्या जागेचा) असेल असं नाही, उन्हाळ्यात उपसलेल्या तळ्याचाही असू शकतो. 28 अंशांच्या आसपास पिल्लं 14 ते 18 तासांत बाहेर पडतात. 31-32 च्या वर ती लवकर फुटतात, पण बारकी निघतात, काहींच्या शेपट्या वाकड्या असतात आणि जागीच गोल फिरतात. ती पोसायला खाद्य घालू नका.

माशांचं बीज (पिल्लं) विकत घेणाऱ्यांनी बीजाची पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्यावी, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यावं. आतल्या-बाहेरच्या पाण्यात 2 अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर अजून थांबा. सोडायचं ते पहाटे, भर दुपारी कधीच नाही.